डोंगरावरच्या घराला ऊन किती पुरेल?

मैत्रिणींनो, या पानावर आपण लोणच्याच्या बुरशीपासून कपाटातल्या वाळवीपर्यंत सगळं बोललो, पण विजेचा हिशोब असा कधी मांडला नव्हता. तो मांडायची वेळ आणली राजापूरकडच्या एका भगिनीच्या पत्रानं. पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातलं मुद्द्याचं तेवढं सांगते.

यजमान निवृत्त झाले. मुंबईची जागा लहान, मुलगा-सून, दोन नातवंडं. तेव्हा या दोघांनी सासूबाईंना घेऊन गावच्या घरी कायमचं राहायला जायचं ठरवलं आहे, दिवाळी झाली की. घर जुनं, चिऱ्याचं, कलमांच्या बागेत. वाडीपासून दीडेक किलोमीटर वर आणि तेही पाखाडीनं चढून. वाडीत वीज आहे, वर नाही. बाईंनी लिहिलंय, "दिव्याचं काय, माझं लहानपण चिमणीच्या उजेडात गेलं. पण सासूबाईंना रोज इन्सुलिन लागतं. ते ठेवू कुठं?" हातात चाळीस हजार रुपये आहेत. नात्यातल्या कुणाच्या ओळखीचा एक विक्रेता घरी येऊन तीन किलोवॉटचा सोलर संच सुचवून गेला, त्याचा आकडा दोन लाखांच्या वर. म्हणजे यजमानांच्या ठेवीला हात लावायचा. "लावावा का?" एवढाच त्यांचा प्रश्न.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. ठेवीला हात लावू नका. पण चाळीस हजारांतही सगळं बसणार नाही, हेही मनाशी धरा. किती बसेल आणि कसं, ते आता पाहू. तुमच्यापैकी कुणाचं शेतघर असेल, कुणाचं माहेर असंच डोंगरात असेल, त्यांनाही हा हिशोब उपयोगी पडेल.

सर्वांत आधी एक काम करायचं, ते म्हणजे महावितरणकडे रीतसर अर्ज करून वरपर्यंत खांब टाकण्याच्या खर्चाचं पत्रक लेखी मागवायचं. "परवडत नाही म्हणतात" असं बाईंनी लिहिलंय, पण कोण म्हणतात? पारावर बसलेली मंडळी! कागदावरचा आकडा वेगळा असू शकतो. तो हातात आला की मगच सोलर स्वस्त की महाग, हे ठरवता येतं. दीड किलोमीटर म्हणजे खांब बरेच लागणार, तेव्हा सोलरच स्वस्त पडेल असा माझा अंदाज. पण अंदाजावर संसार करू नये.

आता हिशोब. विक्रेता नेहमी पॅनेलपासून सुरुवात करतो, कारण त्याला पॅनेल विकायचं असतं. आपण उलटं जायचं, स्वयंपाकघरापासून. वाणसामानाची यादी करतो ना, तशी. प्रत्येक वस्तूवर किती वॉट लिहिलंय आणि ती किती तास चालणार, यांचा गुणाकार करायचा. हजार वॉट एक तास चालले म्हणजे एक युनिट. बिलावर येतं तेच युनिट, वेगळं काही नाही.

बाईंच्या घरची यादी मी अशी केली. स्वयंपाकघरात आणि पडवीत ९ वॉटचा एकेक एलईडी दिवा, दोन्ही चार तास. माजघरात तसाच एक, तीन तास. न्हाणीघर-संडासाकडे ५ वॉटचा, सगळा मिळून तासभर. आणि रात्रभर जळणारा अर्ध्या वॉटचा बारका दिवा, सासूबाईंना उठावं लागतं म्हणून. हे सगळे दिवे मिळून होतात अवघे ११० वॉट-तास. दिव्यांना काही लागत नाही, हे ध्यानात घ्या.

पंख्यांकडे आलं की चित्र बदलतं. आपला नेहमीचा छताचा पंखा ७५ वॉट खातो. दोन पंखे रात्री आठ तास चालले की झाले १२०० वॉट-तास, म्हणजे उरलेल्या सगळ्या घरापेक्षा जास्त! हल्ली बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात. ते पूर्ण वेगाला २८-३० वॉट घेतात आणि मधल्या वेगाला त्याच्या निम्मे. सरासरी २० धरले तरी दोन पंख्यांचे आठ तासांचे ३२० होतात. साध्या पंख्यापेक्षा हा पंखा महाग आहे खरा, पण जास्तीच्या पॅनेलला आणि बॅटरीला लागणारे पैसे पाहिले तर फुकटात पडतो. जुने पंखे मुंबईहून घेऊन जाण्याचा मोह मात्र टाळा. ते मुलाकडेच राहू देत.

मोबाइल दोन, त्यांचे ३०. लहान टीव्ही २५ वॉटचा, दोन तास, ५०. मिक्सर ५०० वॉटचा खरा, पण चटणी-वाटणाला सहा मिनिटं पुरतात, म्हणून त्याचेही ५०च. राहिला फ्रिज. घरातला नेहमीचा एकदारी फ्रिज दिवसाला अर्ध्या युनिटाच्या वर जातो, आणि त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जोर मागतो. त्याच्याऐवजी बॅटरीवर थेट चालणारा, १२ व्होल्टचा, पन्नासेक लिटरचा छोटा फ्रिज घेतला तर दिवसाचे ३०० धरायचे. दूध, थोडी भाजी आणि इन्सुलिन त्यात मावतं. बर्फाचे गोळे आणि आइस्क्रीम नाही व्हायचं, पण तीन माणसांच्या घरी त्यावाचून अडत नाही.

बेरीज करा. ११०, ३२०, ३०, ५०, ५० आणि ३००, एकूण ८६०. तारेत, बॅटरीत, उष्णतेत काही वीज वाया जाणारच, म्हणून तिसरा हिस्सा वर धरायचा. झाले साधारण ११५०, म्हणजे दिवसाला सव्वा युनिटही नाही! आणि तीन किलोवॉटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला दहा-बारा युनिटं देतो. विक्रेता लबाड आहे असं माझं म्हणणं नाही. तीन माणसांच्या घरी त्यानं पंचपक्वान्नांचं पंगतीचं सामान मोजलं, एवढंच.

यादीत काय धरलं नाही, तेही सांगते. इस्त्री, गिझर, विजेची शेगडी, पाणी तापवायचा रॉड. ज्या ज्या वस्तू विजेनं उष्णता करतात, त्या या घरात नकोत. इस्त्री हजार वॉटची, विजेची शेगडी दोन हजारांची. आंघोळीचं पाणी चुलीवर तापू दे, बागेत काटक्यांना तोटा नाही. आमच्या पिढीनं सोलर कुकर पाहिलाय, ती आरशाच्या झाकणाची पेटी. गच्चीवर ठेवून भात शिजायची वाट पाहत बसायचं! आज हसू येतं, पण एक गोष्ट तिनं शिकवली. उन्हाची वीज करून मग त्या विजेनं तापवण्यापेक्षा उन्हानं सरळ तापवणं सोपं आणि स्वस्त.

आता इन्व्हर्टरबद्दल. पॅनेलमधून आणि बॅटरीतून निघणारी वीज एका जातीची, घरातल्या नेहमीच्या उपकरणांना लागणारी दुसऱ्या जातीची. इन्व्हर्टर ही अदलाबदल करतो. पण तो नुसता चालू ठेवला, त्यावर एकही दिवा नसला, तरी तो स्वतःच दहा-पंधरा वॉट खात बसतो. १२ वॉट धरले तर चोवीस तासांचे २८८. म्हणजे जवळजवळ त्या फ्रिजइतकं जेवण, आणि काम काही नाही! म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी इन्व्हर्टर घेऊच नका. दिवे १२ व्होल्टचे मिळतात, पंखे १२ व्होल्टचे मिळतात, मोबाइल चार्ज होतो, फ्रिज तर त्याच जातीचा घेतोय. राहिले टीव्ही आणि मिक्सर. टीव्हीचं मोबाइलवर भागेल आणि पाटा-वरवंटा त्या घरात असणारच. पुढे कधी इन्व्हर्टर घेतलात, तर मिक्सरपुरता लावायचा आणि लगेच बंद करायचा.

इथे मला माझ्या धाकट्या दिरांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांचं भोरच्या आत, भाटघर धरणाच्या मागच्या अंगाला शेतघर आहे. तिथे त्यांनी मोठ्या हौसेनं ३३५ वॉटचं पॅनेल आणलं, बारा व्होल्टची बॅटरी आणली आणि दुकानदारानं दिला तो आठशे रुपयांचा कंट्रोलर लावला. कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधली डबी. बॅटरी जास्त भरू नये, फार रिकामी होऊ नये हे ती पाहते. महिनाभर सगळे खूश. मग रात्री दहाला दिवे मंद व्हायला लागले. दिरांनी आणखी एक बॅटरी आणली. ती पण रात्री दहाला झोपायची! तिसऱ्यांदा पैसे घालायला निघाले तेव्हा जाऊ मला फोनवर म्हणाली, "ताई, यांना काहीतरी सांगा हो, घरात बॅटऱ्यांचं दुकान झालंय."

दोष बॅटरीचा नव्हताच. दिरांचं पॅनेल साधारण ३८ व्होल्टला काम करणारं, आणि बॅटरी बाराची. साधी, पीडब्ल्यूएम जातीची डबी पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणते आणि उरलेलं सोडून देते. पॅनेलचा प्रवाह पावणेनऊ अँपिअर, बॅटरीचे तेरा व्होल्ट, गुणाकार करा. ३३५ वॉटच्या पॅनेलमधून जेमतेम ११५ वॉट घरात येत होते. दोन हिस्से ऊन वाऱ्यावर! एमपीपीटी जातीचा कंट्रोलर व्होल्टेज उतरवून त्या बदल्यात प्रवाह वाढवतो, त्यामुळे जवळजवळ सगळं हाती लागतं. पाच-सहा हजार जास्त गेले, पण त्याच पॅनेलवर, त्याच पहिल्या बॅटरीवर रात्र निभावली. दीर म्हणाले, "वहिनी, हे आधी का नाही सांगितलंत?" आधी विचारलं होतं का कुणी!

यात आणखी एक मेख आहे. बाजारात डबीवर एमपीपीटी छापलेलं असतं आणि आत साधंच यंत्र निघतं. ओळखायचं कसं? लख्ख दुपारी, बॅटरी अर्धवट रिकामी असताना, वायरमनला दोन्हीकडचा प्रवाह मोजायला सांगायचा, पॅनेलकडून येणारा आणि बॅटरीत जाणारा. बॅटरीकडचा अँपिअरचा आकडा पॅनेलकडच्यापेक्षा चांगला मोठा आला तर माल खरा. दोन्ही आकडे सारखे आले तर डबी परत करा. ही परीक्षा होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आणि पॅनेल न जोडता त्याचं व्होल्टेज जितकं येतं, त्याहून जास्त झेपणारा कंट्रोलर हवा. मोठ्या पॅनेलचं ते पन्नासच्या घरात जातं, म्हणून शंभर व्होल्ट झेपणारा घ्यावा.

पॅनेल किती वॉटचं? स्वच्छ दिवशी पॅनेलच्या वॉटला चारनं गुणलं की दिवसाची वीज आली, असं ढोबळ धरायचं. ११५० भागिले चार, म्हणजे तीनशे वॉटचं पॅनेल पुरे. पण हा हिशोब कार्तिकातला झाला. आपल्याला आषाढातला करायचाय. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत पॅनेलची वीज सरासरी निम्म्यावर येते आणि धार लागली की पाचवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. म्हणून ५४० वॉटचं एकच मोठं पॅनेल घ्यावं. पावसाळ्यात पंखे फारसे लागत नाहीत, तेव्हा गरज साधारण ७२० वॉट-तासांवर येते. धार लागलेल्या दिवशी पॅनेल चारशेच्या आसपास देईल, तूट तीनशेची. भरलेली बॅटरी ती तूट तीन दिवस सोसते. चौथ्या दिवशीही ऊन नाही पडलं तर? तर टीव्ही-मिक्सर बंद, दिवा एकच, आणि फ्रिज चालू ठेवायचा. नुसत्या फ्रिजपुरतं अशा दिवसातही येतं. बाईंचा खरा प्रश्न इन्सुलिनचाच आहे, म्हणून सगळी मांडणी मी त्याच्याभोवती केली आहे.

बॅटरी दोन जातींच्या. ट्यूब्युलर, म्हणजे आपली पाण्याची, शिसं आणि आम्लाची. आणि लिथियम फॉस्फेटची. १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची पाण्याची बॅटरी १८०० वॉट-तासांची होते, पण ती निम्म्याखाली उतरवायची नाही. निम्म्याखाली रोज उतरवली तर चार-सहा वर्षांची बॅटरी दोन वर्षांत म्हातारी होते. म्हणजे हातात ९०० उरले. लिथियमची शंभरचीसुद्धा हजाराच्या वर वापरायला देते, वजनाला हलकी, पाणी घालायला नको, आणि दुपटीनं टिकते. पण पहिल्या दिवशी पैसे जास्त. हाताशी असते तर मी डोळे मिटून लिथियम सांगितली असती. पाखाडीनं पन्नास-साठ किलोची बॅटरी डोक्यावरून नेणं म्हणजे काय ते नेणाऱ्यालाच ठाऊक! पण चाळीस हजारांत पाण्याचीच घ्यावी लागेल. घेताना 'सोलर, सी टेन' असं लिहिलेली मागा. आणि ती किती अँपिअरनं भरायची ते तिच्या पत्रकावर असतं, तो आकडा कंट्रोलरमध्ये लावून घ्या. पॅनेल मोठं आहे, नाहीतर बॅटरीला अजीर्ण होईल.

पाण्याच्या बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. हे मी दोनदा सांगते, कारण दुसऱ्यांदा सांगायची गरज आमच्याच घरी पडली. जावेनं विहिरीचं पाणी गाळून, उकळून घातलं. "एवढं उकळलं ताई, जंतू राहिले असतील का?" जंतूंचा प्रश्न नव्हता, पाण्यातल्या क्षारांचा होता. ते उकळून जात नाहीत. चौदा महिन्यांत बॅटरी बाद. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन वाडीतल्या दुकानातून आणून ठेवा आणि दर महिन्याला, समजा संकष्टीला, झाकणं उघडून पातळी पाहायची. बॅटरी भरताना जो वायू सुटतो तो पेट घेणारा असतो. म्हणून ती चुलीच्या खोलीत नको, देवघराजवळ नको, आणि बंद कपाटात तर नकोच. पडवीच्या कोपऱ्यात, लाकडी फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशी ठेवायची.

पॅनेल बसवायचं कुठं? कौलांवर नको. कोकणातली वांदरं कुणाची भीड ठेवत नाहीत, आणि कौलं फुटली की पावसाळ्यात पंचाईत. अंगणात, गडग्याच्या आत, लोखंडी अँगलच्या भक्कम स्टँडवर बसवा. पाया सिमेंटचा हवा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्यातलं तौक्ते, दोन्ही आपण पाहिली आहेत. तोंड दक्षिणेला. राजापूरचा अक्षांश साधारण १६ ते १७ अंशांवर, तेवढाच उतार द्यायचा. ओळंबा-कोनमापक नको, पॅनेलच्या दर एक मीटर लांबीला वरची बाजू तीस सेंटिमीटर उचलली की झालं. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, खारा वारा साधे खातो.

सावली मात्र शत्रू. पॅनेलमधले तुकडे एकापुढे एक माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर माडाची झावळी आडवी आली तरी वीज बरीच उतरते. एवढ्याशा सावलीनं काय होतंय, असं वाटेल, पण होतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि सावल्या लांबतात, म्हणून जागा त्या दिवसांतल्या सावलीवरून ठरवायची, मे महिन्यातल्या नव्हे. एखाद-दुसरी फांदी उतरवावी लागली तर उतरवा. अख्खं कलम तोडू नका, जागा बदला.

पॅनेलपासून घर लांब पडलं तर तार महागात जाते. बारा व्होल्टच्या कारभारात तारेची जाडी म्हणजे नळाची जाडी. दीड मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून दहा अँपिअर दहा मीटर नेले, तर जाता-येता जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच संपतात. बारातले अडीच! सहा मिलिमीटरची तार घेतली तर अर्ध्या व्होल्टाच्या थोडं वर जातं. वायरमन "दीडची चालेल बाई" म्हणेल, कारण मुंबईच्या घरात चालते. इथं चालत नाही. दुसरं, फ्यूज आणि ब्रेकर डीसीसाठीच बनवलेले घ्यायचे. घरातला नेहमीचा ब्रेकर डीसीची ठिणगी नीट विझवू शकत नाही, आग लागू शकते. बॅटरीपासून निघाल्यावर पहिल्या वितीवर फ्यूज हवाच. आणि जमिनीत अर्थिंग नीट पुरून घ्या. मे महिन्याच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात डोंगरावर विजा कशा कडाडतात ते तुम्हाला सांगायला नको. जोरात कडकडाट सुरू झाला की पॅनेलचा ब्रेकर पाडून ठेवायचा.

पैशांचं पाहू. मी पुण्यात तीन ठिकाणी विचारलं, त्यातला मधला भाव सांगते. तुमच्याकडे थोडा इकडेतिकडे होईल. पॅनेल पंधरा हजार, कंट्रोलर सहा, बॅटरी सोळा, स्टँड-तार-फ्यूज-अर्थिंग मिळून आठ. एक पंखा आणि दिवे साडेतीन. झाले साडेअठ्ठेचाळीस. त्यात फ्रिजचे सोळा मिळवले की चौसष्ट-पासष्ट हजार. म्हणजे चाळीसमध्ये नाही बसत, पण दोन लाखांच्या आसपासही नाही. वरचे आठ-नऊ हजार मुलाकडून हक्कानं मागा. आजी त्याची आहे, मुंबईची जागा मोकळी झाली ती त्याच्यासाठी. फ्रिजचे आणि दुसऱ्या पंख्याचे पैसे मे महिन्यात आंब्याचे येतील त्यातून. अगोटीच्या सामानाबरोबर फ्रिज वर चढवायचा, पाऊस लागायच्या आत. पाऊस सुरू झाला की पाखाडी निसरडी होते आणि वाडीत जाणं-येणं रोजचं राहत नाही. फ्रिज खरा लागणार आहे तो तेव्हाच. सौर सामानावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. पक्कं बिल घ्या आणि त्यावर किती लावलाय ते वाचा.

त्या विक्रेत्यानं "सरकार ७८ हजार परत देतं" असंही म्हणे सांगितलं. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला तेवढं अनुदान आहे हे खरं, पण २०२४ साली सुरू झालेली ती योजना ज्यांच्या घरी वीजजोडणी आहे आणि ज्यांचं पॅनेल त्या तारांना जोडलं जातं, त्यांच्यासाठी आहे. जोडणीच नसलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या घराला ते मिळत नाही. अनुदान धरून कर्ज काढलंत तर हप्ते तुमच्या गळ्यात. कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांच्या वीज न पोचलेल्या घरांसाठी केंद्राची वेगळी तरतूद आहे. आपल्या कामवालीच्या किंवा गड्याच्या घरी तसं असेल तर पंचायत समितीत चौकशी करायला त्यांना मदत करा.

आणि फ्रिज येईपर्यंत इन्सुलिनचं काय? न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, त्या वाडीतल्या भरवशाच्या घरी, फ्रिजच्या दारात नव्हे तर मधल्या फळीवर, नाव लिहिलेल्या डब्यात. बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. वापरात असलेली एक कुपी घरी ठेवता येते. बहुतेक प्रकारच्या इन्सुलिनला तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं, पण तुमच्या कुपीबरोबरचं पत्रक वाचा आणि डॉक्टरांना विचारून घ्या. चिऱ्याच्या घरात माजघर गार असतं. मातीच्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, वरून ओलं फडकं, कुपी आत कोरड्या डब्यात. ही युक्ती कोरड्या हवेत छान चालते. कोकणच्या दमट हवेत तेवढी नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये तिच्यावर विसंबू नका. शेजारी साधा थर्मामीटर ठेवा आणि दुपारी दोनला पाहा. तीस ओलांडायला लागला की ती कुपीही खाली वाडीत, आणि रोज सकाळी यजमानांचं फिरणं तिकडेच! पाठीवरची पिशवी वर चढवताना दमही लागेल, आणि फ्रिज लवकर घ्यायची आठवणही राहील.

पॅनेल पुसायचं ते सकाळी लवकर, काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पुरे, पाखरांनी घाण केली तर लगेच. मोबाइल चार्ज करायचे ते अकरा ते तीनच्या दरम्यान. वीज तेव्हा पॅनेलची सरळ मिळते, बॅटरीला हात लागत नाही. रात्री उशाशी चार्जिंगला लावायची सवय मुंबईतच सोडून या.

ता. क. सामान घेण्याआधी एक काम करून मला कळवा. दिवाळीनंतर वर गेलात की अंगणात जिथे पॅनेल लावायचं मनात आहे तिथे एक काठी रोवा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता काठीच्या बुंध्यावर कशाची सावली येते ते कागदावर काढा. नऊला आणि तीनलाही तिथे ऊन असेल तर जागा पक्की करा. नसेल तर तो कागद मला पाठवा, पॅनेल घ्यायचं तोवर थांबवा.